सामाईक लहरींचा कारभार

एकत्र कुटुंबांत पाहुण्यांसाठीं राखलेली खोली कोणा एकाच्या मालकीची नसते. ज्याचा पाहुणा येईल त्याला ती तेवढ्यापुरती मिळते, आणि पाहुणा परतला कीं पुन्हां घराची होते. युरोपांत पोलीस, अग्निशामक दल व रुग्णवाहिका यांच्या बिनतारी संभाषणासाठीं योजिलेली टेट्रा ही पद्धति याच न्यायानें चालते.

पूर्वीं प्रत्येक गटास स्वतंत्र वाहिनी नेमून देत. एकीवर गर्दी उसळे, तर शेजारची रिकामी पडून राही. डेन्मार्कचे गणिती एर्लांग यांनीं १९१७ सालीं टेलिफोनसंबंधीं मांडलेलें सूत्र येथें लावून पाहावें. शंभरांतील दोनांहून अधिक मागण्या अडूं नयेत अशी अट घातली, तर दहा वेगवेगळ्या वाहिन्या मिळून तासाभरांत सुमारें बारा मिनिटांचेंच बोलणें पेलतात. त्याच दहा सामाईक केल्या कीं सुमारें पांच तासांचें!

शिपायानें बोलण्याची कळ दाबली कीं त्याचा संच प्रथम नियंत्रण-वाहिनीवरून मागणी पाठवितो. मध्यवर्ती नियंत्रक मोकळी वाहिनी निवडून तिचा क्रमांक त्या गटांतील सर्व संचांस कळवितो. समजा, क्रमांक ३६१० आला. त्यास २५ किलोहर्ट्झनें गुणिलें कीं ९०.२५ मेगाहर्ट्झ होतात. त्यांत ३०० मिळविले कीं मनोऱ्याची कंप्रता निघते, ३९०.२५. संचानें बोलावयाचें तें त्याहून १० नें खालीं, म्हणजे ३८०.२५ वर. शिवाय प्रत्येक लहरीवर काळाचे चार भाग पाडलेले असल्यामुळें एकीवर चार संभाषणें चालूं शकतात. मात्र मनोऱ्याच्या मुख्य लहरीवरील एक भाग नियंत्रणासाठीं राखलेला असतो. बोलणें संपलें कीं वाहिनी पुन्हां सामाईक भांडारांत जमा होते.

परंतु सर्वच वाहिन्या गुंतल्या असल्या तर ? साधी मागणी रांगेंत थांबते. आगींत सांपडलेल्या जवानानें संकटाची कळ दाबली, तर त्याच्या हांकेस १५ वा, म्हणजे सर्वोच्च, अग्रक्रम मिळतो. तिच्यासाठीं दुसऱ्याचें चालू संभाषणही तोडलें जाऊं शकतें. भुयारासारख्या ठिकाणीं मनोऱ्याशीं संबंधच तुटला, तर संच एका ठराविक लहरीवर परस्परांशीं थेट बोलूं शकतात.

सामाईक धनाचा खरा कस टंचाईच्या वेळींच लागतो. कोणास आधीं द्यावें, हें यंत्र क्षणार्धांत अमलांत आणतें. पण तो क्रम माणसांनीं शांतपणीं, संकट येण्यापूर्वींच, ठरवून ठेवावा लागतो.