औषधाचा ताळा

परिचर्येचे शिक्षण वर्गात सुरू होते, पण पक्के होते ते रुग्णाच्या खाटेशी. पुण्यात १८६७ पासून उभ्या असलेल्या ससून रुग्णालयापासून शहरातील खासगी रुग्णालयांपर्यंत अनेक वॉर्डांत प्रशिक्षणार्थी परिचारिका हे धडे गिरवीत असतात. औषध देताना त्यांच्या हातून चूक झाली, तर तिची किंमत रुग्ण मोजतो. आणि शिकणाऱ्या मुलीचा धीरही खचतो.

अशा चुकीमागे दर वेळी निष्काळजीपणाच असतो असे नाही. इन्सुलिनचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे त्याच्या कुप्या दोन प्रकारच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या आणि १०० युनिट असलेल्या. सिरिंजही त्यानुसार वेगळ्या. ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी टोपणाची. १०० च्या कुपीतील औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. या अडीचपट मात्रेने रक्तातील साखर एकदम उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, हे पाच नियम विद्यार्थिनींना पाठ असतात. परंतु घाईगर्दीच्या वॉर्डात केवळ पाठांतर पुरत नाही. पेढीवर रोजमेळ लिहिणारा एक आणि ताळा पाहणारा दुसरा असतो. तो नुसती मान डोलावत नाही. बेरीज स्वतः पुन्हा करतो. इन्सुलिनसारख्या जोखमीच्या औषधाबाबत हीच रीत हवी. विद्यार्थिनीने काढलेली मात्रा न विचारता शिक्षिकेने स्वतंत्र हिशेब करावा आणि मगच दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधोपचारातील टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन केले होते. त्यासाठी थोडक्यात टळलेली चूकही मोकळेपणाने नोंदवली गेली पाहिजे. शिक्षेच्या भीतीने ती लपली, तर पुढच्या विद्यार्थिनीच्या वाट्याला तोच खड्डा येतो.

नातेवाइकांनाही यात वाटा उचलता येतो. घरी चालू असलेल्या औषधांची यादी व ॲलर्जीची माहिती लिहून द्यावी. परिचारिका औषध भरीत असताना तिला बोलण्यात गुंतवू नये. आणि तिने पुन्हा नाव विचारले, तर त्रासून न जाता पूर्ण नाव सांगावे.

‘‘सिस्टर, एकदा पाहता का?’’ असे विद्यार्थिनीने विचारणे हे अज्ञानाचे लक्षण नव्हे. हा प्रश्न जिथे संकोचाशिवाय विचारता येतो, तो वॉर्ड रुग्णासाठी अधिक सुरक्षित होय.