डबा हलका, आवाज भारी

"ह्यात ट्रान्सफॉर्मर कुठाय?"

आप्पांनी डबा हातात घेतला, दोनदा वरखाली करून बघितला आणि हा प्रश्न टाकला. आप्पांचा साऊंडचा धंदा आहे. कराडजवळच्या आमच्या गावात बारशापासून सप्ताहापर्यंत माइक-स्पीकर त्यांचाच. त्यांचा लाडका अ‍ॅम्प्लिफायर उचलायला दोन माणसं लागतात. आत विटेएवढा ट्रान्सफॉर्मर आणि ओळीनं लावलेले 3055 ट्रान्झिस्टर. मी पुण्याहून एसटीनं आणलेला अ‍ॅम्प मात्र माझ्या सॅकमध्ये, जेवणाच्या डब्याच्या शेजारी बसून आला होता. "वजन न्हाई म्हंजे दम न्हाई," आप्पा म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

तर मंडळी, ही त्या डब्याची गोष्ट.

मी ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा सीझन आला की आमच्याकडे काय होतं, हे इंजिनीअरिंगवाल्यांना सांगायला नको. पैसे मोजले की रिपोर्टसकट तयार प्रोजेक्ट मिळतो. आमच्या ग्रुपमध्येही तो विषय निघाला होता. पण आदल्याच महिन्यात ऐन लग्नात आप्पांच्या अ‍ॅम्पनं धूर काढला होता, आणि भाड्याचे पैसे परत द्यावे लागले होते. म्हटलं, बनवायचंच आहे तर घरी उपयोगी पडेल असं काहीतरी बनवू. डिजिटल अ‍ॅम्प!

आता 'डिजिटल' हा शब्द बाजारातला. याचं खरं नाव क्लास-डी, आणि तो 'डी' म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी झाले होते, पुढचं अक्षर मिळालं, एवढंच. कल्पना मात्र भन्नाट आहे. जुने पंख्याचे रेग्युलेटर आठवतात? भिंतीवरचा तो मोठा डबा, हात लावला की गरम. पंखा हळू करायचा म्हणजे उरलेली वीज त्या डब्यात जाळायची. आप्पांचा अ‍ॅम्प साधारण तसाच वागतो. ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखा चालतो आणि बरीच वीज उष्णता होऊन जाते. क्लास-डीमध्ये नळ एक तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. सेकंदाला काही लाख वेळा. गाण्याची लहर वर गेली की 'चालू' जास्त वेळ, खाली गेली की कमी वेळ. शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर ही सगळी फडफड गाळून टाकतात आणि स्पीकरकडे उरतं ते गाणं. अर्धवट असं काही नसल्यामुळे वीज फारशी जळत नाही, म्हणून वजनदार हीटसिंक नको. ट्रान्सफॉर्मरची जागा लॅपटॉपच्या अडॅप्टरनं घेतली.

मी टीपीए3116 ही चिप निवडली. 32 पाय, दोन पायांमधलं अंतर 0.65 मिलिमीटर. रेडिमेड बोर्ड मिळतो, स्वस्तही असतो, पण मग मी काय केलं? छपाईचा कागद, इस्त्री आणि फेरिक क्लोराइड वापरून बोर्ड स्वतः केला. (रूमवरची बादली अजून पिवळी आहे. पार्टनर अजून बोलते, पण कमी.) पहिला बोर्ड आवाज वाढवला की बंद पडायचा. सप्लायचे कपॅसिटर चिपपासून लांब ठेवले होते. इतक्या वेगानं चालू-बंद होणाऱ्या सर्किटमध्ये दोन इंच वाट म्हणजे फार झाली. दुसरा बोर्ड केला, चालला. पण गंमत अशी की चिप थंड आणि कॉइल चटका बसेल इतकी गरम. तापकीर गल्लीतल्या दुकानदार काकांना दाखवली.

"किती मायक्रोहेन्री मागितलीस?"

"दहा."

"आणि करंट किती घेते, विचारलंस?"

नव्हतं विचारलं. व्हॅल्यू बरोबर होती, पण जास्त करंट गेला की तिचा गाभा हात टेकायचा. जाड तारेची, मोठ्या गाभ्याची कॉइल घेतली. काकांनी जुनी परत घेतली नाही, हेही नमूद करते.

मग टेस्टिंग. मला वाटायचं टेस्टिंग म्हणजे गाणं लावायचं आणि मान डोलवायची. खरं टेस्टिंग म्हणजे गाणंच नाही. स्पीकरच्या जागी 8 ओहमचा जाडजूड रेझिस्टर, त्याला म्हणतात डमी लोड. मोबाइलवरून 100 हर्ट्झचा सलग सूर, आणि समोर कॉलेजच्या लॅबमधला सीआरओ. मी प्रोबची ग्राउंडची क्लिप ऐटीत स्पीकरच्या मायनसला लावली.

चट्ट! ठिणगी. अ‍ॅम्प गप्प.

दोन महिने, दोन बोर्ड, एक बादली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. सर आले, वायरिंग बघितली आणि शांतपणे विचारलं, "मायनस म्हणजे ग्राउंड, असं कुणी सांगितलं?" या चिपमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात. गप्प असतानाही दोन्ही सप्लायच्या निम्म्या व्होल्टेजवर असतात. 19 व्होल्टचा अडॅप्टर असेल तर साधारण साडेनऊवर. दोन्हीकडे सारखंच, म्हणून स्पीकरला काही कळत नाही. सीआरओची क्लिप मात्र थेट अर्थिंगला जोडलेली, आणि माझ्या तीन पिनी अडॅप्टरचं मायनसही अर्थिंगला. म्हणजे मी स्वतःच्या हातानं शॉर्ट केलं होतं. सर म्हणाले, "बंद कर, थोडं थांब, परत चालू कर." चिपमध्ये शॉर्टपासून वाचायची सोय असते, ती स्वतःला बंद करून बसली होती. परत लागली! नंतर दोन प्रोब, दोन टोकांवर एकेक, आणि सीआरओवर एकातून दुसरं वजा. तुम्ही करणार असाल तर एवढं एक लक्षात ठेवा.

लहर जिथं माथ्यावर चपटी व्हायला लागते, त्याच्या किंचित आधी थांबले. मीटरवर 12.2 व्होल्ट. वर्ग करून 8 नं भागलं तर 18.6 वॅट. अडॅप्टरकडून घेतले जेमतेम 20. म्हणजे 90 टक्क्यांच्या आसपास काम, बाकी उष्णता.

ग्रुपमधला एक जण म्हणाला, "फक्त अठरा? रिपोर्टमध्ये शंभर लिहू ना, बाहेर सगळे लिहितात." लिहितातच. कॉम्प्युटर स्पीकरच्या खोक्यावर हजार वॅट पीएमपीओ असतं आणि अडॅप्टरवर 9 व्होल्ट, 1 अँपिअर. नऊ आत गेले तर हजार बाहेर कसे येणार? ही परंपराही जुनी आहे. 1964 मध्ये ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीनं एक्स-10 नावाचा क्लास-डी अ‍ॅम्प किटमध्ये विकला. नावातल्या दहा वॅटच्या जवळपासही तो पोचत नसे. आम्ही 18.6 लिहिलं. त्यावरून एक दिवस अबोला झाला.

शेवटची परीक्षा घरमालक आजोबांनी घेतली. "तुझं ते यंत्र माझ्या बातम्यांत शिट्टी मारतंय," एका सकाळी दारात येऊन म्हणाले. मला आधी पटेना. पुणे आकाशवाणी मीडियम वेव्हवर 792 किलोहर्ट्झला. माझी चिप चालू-बंद होत होती 400 च्या आसपास. त्याची दुप्पट 800. दोघांच्या फरकाची शिट्टी आजोबांच्या रेडिओत! चिप बनवणाऱ्यांनी याचा विचार आधीच केलेला निघाला. तीन पिना कशा जोडायच्या त्यावर वेग बदलता येतो. मी 500 केला आणि स्पीकरच्या वायरी आखूड केल्या. आजोबांनी दुसऱ्या दिवशी फक्त मान हलवली. लॅबमध्ये असं सर्टिफिकेट मिळत नाही.

आणि मग गाव, सप्ताह, आप्पा. पहिले दोन दिवस माझा डबा टेबलाखाली होता. तिसऱ्या रात्री कीर्तन रंगात आलं आणि लाईट गेली. जनरेटर आणायला माणूस पळाला. मी फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी काढली, माइकचा छोटा मिक्सर (तोही 12 वर चालणारा) आणि माझा अ‍ॅम्प जोडला. इतक्या कमी व्होल्टेजवर तो एका स्पीकरला सात-आठ वॅटच देतो, हे मला मोजून माहीत होतं. पुरेल की नाही, ते माहीत नव्हतं. बुवांनी अंधारातच चाल धरली. मागच्या रांगेतल्या बायकांपर्यंत आवाज पोचला. जनरेटर दीड तासानं आला, तोपर्यंत मृदंगासकट सगळं त्या एका बॅटरीवर.

आप्पा मध्येच उठून आले. काही बोलले नाहीत, डब्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. तापतोय का, ते बघत होते. नाही तापला.

सकाळी भांडी घासायच्या दगडावर बसून म्हणाले, "आनखी दोन बनव. पर डबा लोखंडी घे, जाड पत्र्याचा. लोक वजन बघून भाडं देत्यात."