‘हो’ म्हणजे नेमके काय?

25 जानेवारी 1990 ची रात्र. कोलंबियाहून निघालेले आव्हियांका कंपनीचे बोइंग 707 विमान न्यूयॉर्कजवळ घिरट्या घालत होते. हवामान खराब, धावपट्टीवर गर्दी. तासाहून अधिक वेळ आकाशातच गेला आणि इंधन संपत आले. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला दिशेबद्दल उत्तर दिले, ‘पुन्हा प्रयत्न करतो’ असे सांगितले आणि त्याच वाक्याच्या शेपटाला ‘इंधन संपत आले आहे’ हेही जोडले. नियंत्रकाने विमानाला आणखी लांबचा वळसा दिला आणि विचारले, ‘इंधनाच्या दृष्टीने चालेल ना?’ उत्तर आले, ‘चालेल असे वाटते. आभारी आहे.’

काही मिनिटांत चारही इंजिने बंद पडली. लाँग आयलंडवरील टेकडीवर विमान कोसळले. 158 जणांपैकी 73 दगावले. आग लागली नाही, कारण पेटायला टाक्यांत इंधनच उरले नव्हते.

विमान धडधाकट होते, मग चुकले काय? इंधनाचे नियोजन फसलेच होते, पण चौकशीत ठळकपणे पुढे आले ते न उच्चारलेले शब्द. ‘इमर्जन्सी’ हा शब्द नियंत्रण कक्षाच्या कानावर एकदाही पडला नाही. कॅप्टनचे इंग्रजी कच्चे असल्याने रेडिओवर सहवैमानिकच बोलत होता. ‘आणीबाणी असल्याचे सांगितलेस ना?’ असे कॅप्टनने विचारले, त्यावर ‘हो, सांगितले’ असे उत्तर त्याने दिले. आपण सांगितले, असे त्याला खरोखरच वाटत असावे. न्यूयॉर्कच्या नियंत्रकांची बोलण्याची पद्धत भराभर, काहीशी तोडून टाकणारी. समोरचा अडचणीत असेल तर तो ओरडून सांगेल, हे त्यांनी गृहीत धरलेले. ज्याला हुद्द्याने आणि अनुभवाने मोठ्या माणसापुढे आवाज चढवायची सवय नाही, तो मात्र संकटही अदबीने सांगतो.

गीर्त हॉफस्टेड या डच अभ्यासकाने आयबीएम कंपनीच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांची उत्तरे तपासून 1980 मध्ये ‘सत्तांतर’ मोजण्याची कल्पना मांडली. सत्तांतर म्हणजे इथे सरकार बदलणे नव्हे, तर साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यातले अंतर. कोलंबिया आणि भारत या मोजपट्टीवर वरच्या बाजूला येतात, नेदरलँड्स बरेच खाली.

पण या मोजपट्टीवर आंधळा विश्वास टाकण्यात अर्थ नाही. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमाने आदळून 583 माणसे मेली. त्यातल्या डच विमानाच्या कॉकपिटमध्ये ‘ते दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का?’ अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने विचारली होती. कॅप्टन हा कंपनीचा नावाजलेला प्रशिक्षक. त्याने ठामपणे ‘झाले की’ म्हटले आणि विषय संपला. अंतर कमी मानणाऱ्या देशातही ज्येष्ठतेचे वजन असे पडते. शिवाय डच वैमानिकाने रेडिओवर वापरलेल्या इंग्रजी वाक्याचा अर्थ ‘आम्ही उड्डाणासाठी तयार आहोत’ असाही होत होता आणि ‘आम्ही निघालो’ असाही. निघताना ‘येतो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

विमानवाहतुकीने यातून धडा घेतला तो शब्दांच्या पातळीवर. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने पुन्हा म्हणून दाखवायची असते. नुसते ‘ओके’ पुरत नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी इंग्रजी संभाषणाची किमान पातळी 2008 पासून बंधनकारक झाली. त्यामागे 1996 चा चरखी दादरीचा अपघातही होता. तिथे 349 जणांचा जीव गेला आणि कझाक वैमानिकांचे अपुरे इंग्रजी चौकशीत पुढे आले.

हाच प्रश्न आपल्या रुग्णालयांत रोज उभा असतो. मुंबईतल्या एखाद्या अतिदक्षता विभागात परिचारिका केरळची, निवासी डॉक्टर विदर्भातला, भूलतज्ज्ञ गुजराती आणि मामा कोकणातले असू शकतात. फोनवरून औषधाचा डोस सांगितला जातो. इंग्रजीतले ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ घाईत सारखेच ऐकू येतात. ‘समजले ना?’ या प्रश्नाला नव्या परिचारिकेकडून बहुधा ‘हो सर’ हेच उत्तर येते. त्या ‘हो’चा अर्थ ‘मी ऐकले’ इतकाच असू शकतो. म्हणून ‘समजले ना?’ विचारण्याऐवजी ‘किती देणार, ते सांगा’ असे विचारणे अधिक शहाणपणाचे. तिने ‘एक-पाच, पंधरा’ असे आकडे सुटे करून सांगितले की गोंधळाला जागा उरत नाही.

शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये एक पानाची तपासणी यादी आणली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. हे सारे श्रेय एकट्या संवादाचे नाही, यादीत प्रतिजैविकांसारख्या बाबीही आहेत. पण चिरा देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगायचे, ही अट त्यात मुद्दाम घातलेली आहे. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे शंकाही बोलून दाखवतो, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे अडते ते नेमके इथेच. वर्षानुवर्षे एकत्र काम करूनही शस्त्रक्रियागृहात सगळे एकमेकांना ‘सर’, ‘सिस्टर’, ‘मामा’, ‘मावशी’ अशीच हाक मारतात. नाव सांगायची पाळी आली की कुणी हसते, कुणी सरांकडे बघते आणि यादीतल्या त्या चौकटीत न बोलताच बरोबरची खूण केली जाते.