सायंकाळच्या बातम्यांचे मोल

नारायण पेठेतील वाचकाला वृत्तपत्र आणि वर्गणीदार यांचे नाते समजावून सांगण्याची गरज नाही. १८८१ मध्ये निघालेल्या 'केसरी'चे बिऱ्हाड पुढे याच पेठेतील गायकवाड वाड्यात आले. त्याला आधार होता तो पदरचे पैसे मोजणाऱ्या वाचकांचा. दूरदर्शनवरील बातम्यांचे पैसे मात्र कोणी मोजावयाचे? मराठी वृत्तनिवेदनाचा पन्नास वर्षांहून अधिक काळाचा इतिहास वस्तुतः या एका प्रश्नाभोवती फिरतो.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागले. पुढे 'सातच्या बातम्या' म्हणून रूढ झालेले वृत्तनिवेदन हा मध्यमवर्गीय घरांचा नित्यक्रम बनला. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे आणि २०२२ मध्ये निवर्तलेले प्रदीप भिडे यांनी संथ, शुद्ध आणि अभिनिवेशरहित मराठीचा एक मानदंड निर्माण केला. प्रमाण उच्चारांचे शिक्षण अनेक विद्यार्थ्यांना शाळेइतकेच येथूनही मिळाले.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे. आणीबाणीत, म्हणजे १९७५ ते १९७७ या काळात, हे माध्यम पूर्णतः सत्तेच्या मुठीत होते. १९७८ मध्ये वर्गीज समितीने स्वायत्त न्यासाची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि तो अमलात येण्यास १९९७ साल उजाडले. संच बाळगणारे लोक पूर्वी टपाल कार्यालयात परवाना शुल्क भरीत; तेही १९८० च्या दशकात रद्द झाले. वर्गणीदाराशी असलेला उरलासुरला धागाही अशा रीतीने तुटला.

अर्थशास्त्राच्या भाषेत प्रक्षेपित बातमी ही सार्वजनिक वस्तू होय. एका घराने ती ऐकली म्हणून शेजारच्या घराच्या वाट्याची कमी होत नाही. अशा वस्तूचा खर्च एक तर शासन सोसते, नाहीतर जाहिरातदार. २००७ पासून मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या खाजगी वाहिन्या आल्या, हे निःसंशय स्वागतार्ह होते. परंतु जाहिरातदार बातमी विकत घेत नाही; तो प्रेक्षकाचे लक्ष विकत घेतो. त्यातच स्टुडिओत चार वक्त्यांचे भांडण लावणे स्वस्त पडते, तर गडचिरोलीत अथवा नंदुरबारमध्ये वार्ताहर ठेवणे महाग. मग वादंग वाढावे आणि वार्ता आटावी, यात नवल ते काय?

यावर जुन्या काळाचे उमाळे काढणे हा उपाय नव्हे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच बजावले आहे. त्या मालमत्तेवर जनतेचे एक तरी वृत्तनिवेदन असे असावे, की ज्याचा निधी संसदेने काही वर्षांसाठी आधीच निश्चित केलेला असेल आणि ज्याच्या संपादकाला मंत्र्याचा दूरध्वनी घेण्याचे बंधन नसेल. वृत्तपत्राला वर्गणी देताना आपण आपल्या स्वातंत्र्याचीच किंमत चुकवीत असतो, हे या पेठेने ओळखले होते. पडद्यावरील बातमीबाबत तीच किंमत देण्याची आपली तयारी आहे काय, हा आजचा खरा प्रश्न आहे.