वालाचे पीक आणि घरातील कामाची वाटणी

रायगड जिल्ह्यात भाताची कापणी झाल्यावर खाचरात जी ओल शिल्लक राहते, तिच्यावर वालाचे पीक घेण्याचा प्रघात जुना आहे. लहान शेतकऱ्याच्या कुटुंबास या पिकापासून घरचे कडधान्य मिळते व उरलेल्या वालाचे चार पैसेही होतात.

या पिकातील कामांची वाटणी पाहिली असता असे दिसते की, नांगरट, औषधफवारणी व बाजारातील विक्री ही कामे बहुधा पुरुष करतात. टोकण, बेणणी, शेंगांची तोडणी, पाखडणी, वाळवण आणि बियाणे राखून ठेवणे ही कामे बहुधा स्त्रियांकडे असतात. परंतु शेतीविषयक सल्ला मात्र ज्याच्या नावे सातबारा, त्यासच पुष्कळदा दिला जातो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील वहितीधारकांपैकी स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या. तेव्हा केवळ नावावरून शेतकरी शोधू गेल्यास प्रत्यक्ष राबणारी स्त्री सुटून जाते.

याचे परिणाम दोन ठिकाणी दिसून येतात. पहिला बियाण्यावर. कडधान्यावरील भुंगेरा शेतातच शेंगांवर व पुढे साठवणीत दाण्यांवर अंडी घालतो. अळी दाणा आतून पोखरते. बाहेरून गोल भोक दिसते, तोवर बियाणे वाया गेलेले असते. पुष्कळ घरांतील स्त्रिया बियाणे राखेत ठेवतात, ही रीत शास्त्रास धरून आहे. राखेमुळे दाण्यांमधील पोकळी भरून जाते व किडीस हिंडता येत नाही. तथापि बियाणे आधी कडक उन्हात पूर्ण वाळवलेले असावे. घरात खाण्यासाठी ठेवलेल्या वालास दर किलोस सुमारे ५ मि.ली. खाद्यतेल चोळल्यास अंड्यांतून अळ्या निघण्यास अटकाव होतो.

दुसरा परिणाम आरोग्यावर. घरधन्याने संध्याकाळी औषध फवारावे आणि घरधनिणीने सकाळी त्याच वेलाच्या ओल्या शेंगा भाजीसाठी आणाव्यात, असे घडू शकते. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, हे औषधाच्या वेष्टनावर दिलेले असते. ते तोडणी करणाऱ्या व्यक्तीस ठाऊक असलेच पाहिजे. त्याचप्रमाणे औषध लावलेले बियाणे खाण्याच्या वालापासून वेगळे, खूण करून ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात. सभा संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी, भरवू नये. दुपारी खळ्यावर किंवा अंगणात भरवावी. बियाणे साठवणीचे प्रात्यक्षिक स्त्रियांच्या हातूनच करवावे. कोणत्या वेलास शेंगा लवकर व भरपूर धरतात, हे तोडणी करणाऱ्या स्त्रीस चांगले ठाऊक असते. बियाण्यासाठी वेल निवडताना तिचे मत प्रथम विचारावे. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजण्यास तिला शिकवावे.

शेतकरी बंधूंनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाल बाजारात नेला म्हणजे त्याचा पैसा एकाच हाती येतो. त्यामागील श्रम मात्र दोघांचे असतात. त्या पैशाचा हिशेब दोघांनी एकत्र बसून करावा आणि पुढील वर्षी किती वाल पेरावयाचा, किती विकावयाचा व किती राखावयाचा, हेही दोघांनी मिळूनच ठरवावे.