सॅन फ्रान्सिस्कोच्या आधी ऑस्टिन

सायकेडेलिक रॉकचा उगम विचारला, की आपल्याकडचे जाणकार अजूनही १९६७ च्या सॅन फ्रान्सिस्कोकडे बोट दाखवतात. फार तर लंडनपर्यंत जातात. हे मला कधीच पटले नाही. त्याआधीच अमेरिकेतल्या गावोगावच्या गॅरेजांमध्ये, तीन कॉर्ड येणाऱ्या पोरांनी हा आवाज शोधला होता.

पूर्वपीठिका वाचकांना ठाऊकच आहे. १९६३ चे किंग्जमेनचे ‘लुई लुई’, १९६४ च्या फेब्रुवारीत एड सलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स, १९६५ मध्ये ‘सॅटिस्फॅक्शन’मुळे हातोहात गेलेले, गिटारचा आवाज खरखरीत करणारे फझ-टोन पेडल. बर्ड्‌सनी ‘एट माइल्स हाय’मध्ये कोल्ट्रेन आणि रविशंकरांकडून काय उचलले, यावर ढिगाने लिहिले गेले आहे.

मला रमायचे आहे ते टेक्सासमधल्या ऑस्टिनला. १९६५ च्या अखेरीस तिथे ‘थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्स’ जमले. रॉकी एरिक्सन तेव्हा अठरा वर्षांचा. त्याची किंकाळी एकदा ऐकली की विसरता येत नाही. स्टेसी सदरलंडची गिटार रिव्हर्बमध्ये चिंब. आणि टॉमी हॉलचे वाद्य म्हणजे चक्क एक बुधला! त्याच्या तोंडाशी माईक धरून हॉल आत आवाज घुमवी आणि गाण्याखालून एक विलक्षण बुडबुड अखंड वाहत राही. ‘यू आर गॉना मिस मी’ १९६६ मध्ये बिलबोर्डवर ५५ व्या क्रमांकापर्यंत पोचले. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या नावातच ‘सायकेडेलिक’ हा शब्द होता. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅव्हलॉन आणि फिलमोरमध्ये ते वाजवूनही आले. तिथल्याच ग्रेटफुल डेडचा पहिला अल्बम यायला १९६७ उजाडले. तारखा इतक्या स्पष्ट असताना वाद कसला?

‘हे तर कच्चे संगीत’ असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. अडीच मिनिटांत सगळे सांगून मोकळे व्हायचे, हे बंधन या पोरांनी पाळले. भ्रमाला नाचता येईल असा ठेका दिला. किंमतही मोजली: १९६९ मध्ये गांजाच्या एका सिगारेटपायी पकडलेला एरिक्सन १९७२ पर्यंत रस्कच्या मनोरुग्णालयात होता. त्याच वर्षी लेनी के यांनी ‘नगेट्स’ या संकलनात अशी २७ गाणी गोळा केली, म्हणून ती उरली.

आपल्याकडेही ही लाट आली होती. मुंबईच्या षण्मुखानंदमध्ये रंगलेल्या सिमला बीट या बँडस्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या परदेशी संग्राहक जिवापाड जपतात. मराठीत त्यांच्यावर नीट लिहिलेले माझ्या वाचनात नाही, याची मला खंत वाटते.

आजचे बँड पायाखाली दहा पेडल मांडून वीस मिनिटे घोळ घालतात आणि त्याला सायकेडेलिक म्हणतात. त्यांना माझे कळकळीचे सांगणे एवढेच: आधी अडीच मिनिटांचे गाणे रचा. ते साध्या गिटारवर उभे राहिले, तरच फझचे बटण दाबा.