निवडणूक प्रक्रियेतील गृहशिक्षित मुलांचा सहभाग

गृहशिक्षित मुलांचा निवडणूक प्रक्रियेतील सहभाग म्हणजे शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या अल्पवयीन मुलांनी निवडणुकीचे निरीक्षण करणे, तिचा अभ्यास करणे किंवा प्रचारात भाग घेणे. अमेरिकेसारख्या काही देशांत प्रचारातील प्रत्यक्ष काम हा गृहशिक्षणात नागरिकशास्त्र शिकवण्याचा एक मार्ग मानला जातो. भारतात मात्र मुलांना प्रचारात सहभागी करून घेण्यास भारत निवडणूक आयोगाची मनाई आहे. मतदार शिक्षणाचे बहुतेक सरकारी उपक्रम शाळा-महाविद्यालयांमार्फत चालतात. त्यामुळे घरी शिकणाऱ्या मुलांना निवडणूक कशी शिकवायची हा प्रश्न मुख्यतः पालकांवर येतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः वऱ्हाडातील अमरावती व अकोला या शहरांच्या संदर्भात या विषयाची माहिती दिली आहे.

## इतिहास

राजकीय कारणासाठी मुलांना शाळेबाहेर काढण्याचे आवाहन विदर्भाच्या भूमीवरूनच एकदा झाले होते. डिसेंबर १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या अधिवेशनाने असहकाराचा ठराव संमत केला. सरकारी व सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांतून मुलांना काढून घ्यावे, असे या ठरावात म्हटले होते. त्यात वयाची मर्यादा स्पष्ट होती. सोळा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आवाहन पालकांना होते, मुलांना नव्हते. मुलांना शाळेतून काढल्यावर त्यांच्यासाठी राष्ट्रीय शाळांची सोय करावी आणि तशी शाळा नसल्यास शक्य त्या अन्य मार्गाने त्यांना शिकवावे, असेही ठरावात नमूद होते. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना मात्र थेट आवाहन करण्यात आले होते. याच अधिवेशनात काँग्रेसची प्रांतरचना भाषावार झाली आणि वऱ्हाड हा काँग्रेसचा स्वतंत्र प्रांत ठरला.

पुढील दोन दशकांत स्वातंत्र्य चळवळीत मुलांचा सहभाग वाढत गेला. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात निरोप पोहोचवणे, झेंडे तयार करणे अशी कामे करणाऱ्या मुलांच्या वानरसेना उभ्या राहिल्या. १९४२ मध्ये नंदुरबार येथे शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाला. पाठ्यपुस्तके आणि शालेय कार्यक्रम यांतून ही स्मृती जपली गेली असल्याने मुलांच्या राजकीय सहभागाकडे महाराष्ट्रात काही प्रमाणात आदराने पाहिले जाते.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती बदलली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून प्रौढ मताधिकार अमलात आला. परकीय सत्तेविरुद्धच्या चळवळीची जागा पक्षांमधील स्पर्धेने घेतली. प्रचारफेऱ्यांमध्ये घोषणा देणारी, बिल्ले आणि झेंडे गोळा करणारी मुले हे नेहमीचे दृश्य झाले. मतदानाचे वय सुरुवातीला २१ वर्षे होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ वर्षे झाले. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली.

## कायदेशीर चौकट

### बालकामगार कायदा

बालकामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६ मध्ये २०१६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवण्यास मनाई आहे. या तरतुदीचा भंग केल्यास सहा महिने ते दोन वर्षे कारावास किंवा २० हजार ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाला किंवा कौटुंबिक व्यवसायाला मदत करण्याची सवलत कायद्यात आहे. मात्र ही सवलत शाळेच्या वेळापत्रकाच्या आधारे मांडलेली असल्यामुळे गृहशिक्षित मुलांच्या दिनक्रमाला ती सहज लागू करता येत नाही.

### मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश

मुंबई उच्च न्यायालयात २०१२ च्या जनहित याचिका क्रमांक १२७ मध्ये प्रचारातील मुलांच्या वापराचा प्रश्न उपस्थित झाला होता. न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात राजकीय पक्ष अल्पवयीन मुलांना निवडणुकीशी संबंधित कामांत सहभागी करून घेणार नाहीत याची काळजी घेण्यास सांगितले. बालकामगार कायद्याची मनाई प्रामुख्याने १४ वर्षांखालील मुलांना लागू होते. या आदेशाचा भर मात्र सर्व अल्पवयीन मुलांवर आहे.

### निवडणूक आयोगाचे निर्देश

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी, ५ फेब्रुवारी २०२४ रोजी, भारत निवडणूक आयोगाने राजकीय पक्ष, उमेदवार आणि निवडणूक यंत्रणा यांना सविस्तर निर्देश दिले. त्यात उच्च न्यायालयाच्या वरील आदेशाचा उल्लेख आहे. या निर्देशांनुसार पुढील गोष्टी करता येत नाहीत :

* प्रचारफेरी, सभा किंवा पदयात्रेत मुलांचा उपयोग करणे;
* मुलांकडून पत्रके वाटून घेणे, फलक लावून घेणे किंवा घोषणा देऊन घेणे;
* नेत्याने किंवा उमेदवाराने प्रचारात मुलाला कडेवर घेणे, वाहनात किंवा फेरीत सोबत नेणे;
* कविता, गाणे, भाषण, पक्षचिन्ह यांच्या माध्यमातून मुलांकडून पक्षाचा प्रचार किंवा विरोधकांवर टीका करवून घेणे.

या निर्देशांत एक महत्त्वाचा अपवाद आहे. मूल आई-वडिलांसोबत किंवा पालकासोबत असेल आणि कोणत्याही प्रचारकार्यात भाग घेत नसेल, तर नेत्याच्या जवळपास त्याची केवळ उपस्थिती हा नियमभंग ठरत नाही. त्यामुळे पालकांबरोबर सभेला जाऊन भाषण ऐकणारे मूल आणि त्याच सभेत पक्षाचा दुपट्टा घालून व्यासपीठावरून गाणे म्हणणारे मूल यांत नियमाच्या दृष्टीने फरक केला जातो. मुलांना अशा कामांपासून दूर ठेवण्याची वैयक्तिक जबाबदारी जिल्हा निवडणूक अधिकारी व निवडणूक निर्णय अधिकारी यांच्यावर टाकण्यात आली आहे.

### मतदान केंद्रातील प्रवेश

निवडणूक संचालन नियम, १९६१ नुसार मतदारासोबत कडेवरचे मूल मतदान केंद्रात जाऊ शकते. मोठ्या मुलांसाठी अशी तरतूद नाही. अंध किंवा अपंगत्वामुळे साहाय्याची गरज असलेल्या मतदारासोबत जाणारी व्यक्तीही किमान १८ वर्षांची असावी लागते. मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत मतयाचना करण्यास सर्वांनाच बंदी आहे.

## गृहशिक्षणाची स्थिती

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील कलम १० प्रमाणे ६ ते १४ वयोगटातील पाल्यास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकांसाठी कायद्यात शिक्षेची तरतूद नाही. गृहशिक्षणाला या कायद्यात स्वतंत्र मान्यता नाही आणि त्यावर स्पष्ट बंदीही नाही. घरी शिकणारी मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्था किंवा महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ यांच्या परीक्षा देऊ शकतात.

## मतदार शिक्षण आणि गृहशिक्षित मुले

भारत निवडणूक आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० रोजी झाली. २०११ पासून हा दिवस राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो. २०१८ मध्ये आयोगाने शाळा व महाविद्यालयांत मतदार साक्षरता मंडळे सुरू केली. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना 'भावी मतदार' मानून खेळ आणि उपक्रमांद्वारे निवडणूक प्रक्रिया शिकवणे हा त्यांचा हेतू आहे. औपचारिक शिक्षणाबाहेरील व्यक्तींसाठी मतदान केंद्राच्या पातळीवर 'चुनाव पाठशाला' ही योजना आहे. शाळेतील मंडळात प्रवेश नसलेल्या गृहशिक्षित मुलांसाठी सरकारी उपक्रमांपैकी हाच मार्ग सर्वांत जवळचा ठरतो.

वर्गप्रतिनिधीची निवड, विद्यार्थी मंत्रिमंडळ, मतदार जागृती फेरी हे अनुभवही शाळेशी जोडलेले आहेत. आपण निवडलेला प्रतिनिधी हरला तरी निकाल मान्य करायचा, हा लोकशाहीचा पहिला धडा मुलांना अनेकदा वर्गातच मिळतो. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी अशी संधी पालकांच्या गटांत किंवा परिसरातील मुलांच्या मंडळात मुद्दाम निर्माण करावी लागते.

अभ्याससाहित्याची मात्र उणीव नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके महाजालावर विनामूल्य मिळतात आणि इयत्ता दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रियेवर स्वतंत्र पाठ आहे. उमेदवारांची शपथपत्रे, मतदार याद्या व निकालाची आकडेवारी ही कागदपत्रेही सर्वांसाठी खुली असतात.

## अमरावती आणि अकोला

राजापेठ हा अमरावती शहरातील बडनेऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावरील गजबजलेला परिसर आहे. येथील रहिवासी महानगरपालिका, विधानसभा आणि लोकसभा अशा तीन स्तरांवर मतदान करतात. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, तर महानगरपालिकेची निवडणूक महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोग घेतो. या दोन स्वतंत्र घटनात्मक यंत्रणा आहेत. प्रचारातील मुलांच्या वापराविषयी तक्रार करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो. लोकसभा व विधानसभा निवडणुकीच्या काळात भारत निवडणूक आयोगाच्या 'सी-व्हिजिल' या भ्रमणध्वनी उपयोजनावर छायाचित्र किंवा चित्रफितीसह तक्रार नोंदवता येते आणि १०० मिनिटांत तिच्यावर कार्यवाही होणे अपेक्षित असते.

अमरावती व अकोला या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत २६ एप्रिल २०२४ रोजी, दुसऱ्या टप्प्यात, मतदान झाले. प्रचारात भाग न घेता निवडणूक कशी अभ्यासता येते याचे अमरावती मतदारसंघ हे चांगले उदाहरण आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. २०१९ मध्ये येथून नवनीत राणा अपक्ष म्हणून विजयी झाल्या. २०२४ मध्ये त्या भारतीय जनता पक्षाच्या उमेदवार होत्या आणि काँग्रेसच्या बळवंत वानखडे यांनी त्यांचा १९,७३१ मतांनी पराभव केला. तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची मते या फरकापेक्षा कितीतरी जास्त होती. राखीव मतदारसंघ, अपक्ष उमेदवार, पक्षबदल, मतविभागणी आणि साध्या बहुमताने लागणारा निकाल या पाच संकल्पना या एकाच मतदारसंघाच्या दोन निवडणुकांतून समजू शकतात. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा हाही अंकगणिताला जोडता येणारा विषय आहे. २०२२ मधील सुधारणेनंतर महाराष्ट्रात ही मर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे.

## मतदार नोंदणी

लोकप्रतिनिधित्व कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर मतदार नोंदणीसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत. १७ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला नमुना ६ द्वारे आगाऊ अर्ज करता येतो. वयाचा पुरावा म्हणून शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्राप्रमाणेच जन्माचा दाखला, आधार कार्ड किंवा पारपत्रही चालते. त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला नसल्याने गृहशिक्षित युवकांची नोंदणी अडत नाही.

## मतमतांतरे

मुलांच्या राजकीय सहभागाबाबत दोन भूमिका मांडल्या जातात. पहिल्या भूमिकेनुसार मुलांनाही मत असते आणि ते मांडण्याचा त्यांना हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील १२ व्या कलमात हा हक्क मान्य केलेला असून भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. १९८६ मध्ये केरळमधील तीन विद्यार्थ्यांच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही मुलांच्या विचार व श्रद्धेच्या स्वातंत्र्याला संरक्षण दिले.

दुसऱ्या भूमिकेनुसार प्रचारात मुलाचा आवाज बहुधा मोठ्यांनी लिहून दिलेला असतो. गर्दी, ऊन, वाहने आणि गटांमधील तणाव यांमुळे त्याच्या सुरक्षिततेलाही धोका असतो. त्याच संहितेतील ३२ वे आणि ३६ वे कलम मुलांना शोषणापासून संरक्षण देते. गृहशिक्षणात हा आक्षेप अधिक तीव्र होतो, कारण तेथे पालक हेच शिक्षक असतात आणि पालकांच्या पक्षनिष्ठेपेक्षा वेगळे मत मुलाच्या कानी पडण्याचे प्रसंग कमी असू शकतात. याउलट, वेळापत्रकाच्या लवचीकतेमुळे सर्व पक्षांच्या सभा ऐकणे, जाहीरनामे ताडून पाहणे आणि मतमोजणीच्या फेऱ्यांचा मागोवा घेणे घरी शिकणाऱ्या मुलाला अधिक सोपे जाते, असे गृहशिक्षणाच्या बाजूने म्हणता येते.

## इतर देशांत

अमेरिकेत गृहशिक्षण सर्व राज्यांत कायदेशीर आहे. तेथील 'होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन' या १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने २००३ मध्ये 'जनरेशन जोशुआ' हा युवक उपक्रम सुरू केला. त्यात किशोरवयीन मुलांचे गट उमेदवारांसाठी घरोघरी जातात व दूरध्वनीवरून मतदारांशी संपर्क साधतात. हा उपक्रम पुराणमतवादी ख्रिस्ती विचारांशी जोडलेला असल्याने तेथे तो वादाचा विषयही ठरला आहे. जर्मनीत गृहशिक्षणालाच सर्वसाधारणपणे मनाई आहे. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये मतदानाचे वय १६ वर्षे केले, तर ब्राझीलमध्ये १६ व १७ वर्षांच्या नागरिकांना १९८८ च्या राज्यघटनेपासून ऐच्छिक मतदानाचा हक्क आहे.

## हेही पाहा

* भारत निवडणूक आयोग
* राष्ट्रीय मतदार दिवस
* शिक्षण हक्क कायदा
* अमरावती लोकसभा मतदारसंघ
* बालहक्क